पदक आणि रणभूमी : कॅप्टन माइल्स किओ यांची जीवनकथा

२७ जून १८७६ रोजी अमेरिकेच्या मोंटाना प्रदेशातील लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी मदतीला निघालेली लष्करी तुकडी पोहोचली, तेव्हा मदत करण्यासारखे तेथे फारसे काही उरले नव्हते. गवताळ टेकड्यांच्या उतारावर दोनशेहून अधिक सैनिकांचे मृतदेह दोन दिवसांपासून उन्हात पडले होते. बहुतेकांची वस्त्रे काढून नेलेली होती आणि पुष्कळांच्या देहांची विटंबना झालेली होती. त्याच उतारावर एका अधिकाऱ्याचा देह आपल्या सैनिकांच्या गराड्यात सापडला. त्याचीही वस्त्रे उतरवण्यात आली होती, परंतु देहावर विटंबनेची खूण नव्हती. समकालीनांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार त्याच्या गळ्यात देवाच्या कोकराची प्रतिमा असलेले पवित्र पदक तसेच राहिले होते.

तो अधिकारी म्हणजे कॅप्टन माइल्स वॉल्टर किओ. आयर्लंडच्या एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले, पोपमहाशयांच्या सैन्यात लढलेले, अमेरिकेच्या यादवी युद्धात नाव कमावलेले आणि अखेर सरहद्दीवरील एका युद्धात वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी पडलेले हे कॅथलिक सैनिक. त्यांच्या शौर्याविषयी कोणी शंका घेतलेली नाही. मात्र ते ज्या अखेरच्या युद्धात पडले, त्या युद्धाच्या न्याय्यतेविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे. म्हणूनच त्यांचे जीवन वाचताना नुसता गौरव करून थांबता येत नाही, आणि नुसता दोष देऊनही भागत नाही. आम्ही येथे त्यांची कथा या दोन्ही बाजू ध्यानात ठेवून सांगणार आहोत.

बार्लीच्या शेतातील बालपण

माइल्स किओ यांचा जन्म २५ मार्च १८४० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात, बॅरो नदीकाठच्या लॉक्लिनब्रिज या गावी झाला. तो दिवस देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या निरोपाच्या सणाचा. घर कॅथलिक होते आणि खाऊनपिऊन सुखी होते. शेतात मुख्यतः बार्लीचे पीक घेतले जाई.

ही बार्लीची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती तशी नाही. किओ पाच वर्षांचे असताना, म्हणजे १८४५ साली, आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख लोक भुकेने आणि रोगांनी मरण पावले आणि तितकेच, किंबहुना अधिक, देश सोडून गेले. बटाट्यावर सर्वस्वी अवलंबून असलेली गरीब कुटुंबे उद्ध्वस्त झाली. धान्य पिकवणारी किओ यांच्यासारखी कुटुंबे उपासमारीतून वाचली; तथापि दुष्काळाच्या मागोमाग आलेल्या साथींनी श्रीमंत-गरीब असा भेद केला नाही. किओ यांची काही भावंडे लहानपणीच दगावली.

आयर्लंडमधील कॅथलिकांच्या जमिनी मागील शतकांत सक्तीने हिरावल्या गेल्या होत्या, त्यांचा धर्म दीर्घकाळ कायद्याने दडपला गेला होता. किओ जन्मले त्या सुमारास हे कायदे बहुतांशी रद्द झाले होते. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क १८२९ मध्ये मिळाला होता. परंतु स्मृती ताजी होती. जमीन गेली की माणसाचे काय होते, हे त्या पिढीतील आयरिश मुलांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण या कथेच्या शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

पोपमहाशयांच्या सैन्यात

१८६० साली इटलीच्या एकीकरणाची चळवळ ऐन भरात होती. मध्य इटलीचा मोठा भूभाग त्या काळी पोपमहाशयांच्या ऐहिक सत्तेखाली होता. उत्तरेकडून पिडमाँटचे राज्य त्या प्रांतांवर डोळा ठेवून होते. पोप नववे पायस यांच्या संरक्षणासाठी युरोपातील कॅथलिक देशांतून स्वयंसेवक बोलावण्यात आले. आयर्लंडमधील धर्मगुरूंनी आपल्या लोकांना आवाहन केले आणि एक हजाराहून अधिक आयरिश तरुण इटलीला निघाले. मेजर माइल्स ओरायली यांच्या नेतृत्वाखाली संत पॅट्रिक यांच्या नावाची बटालियन उभी राहिली. वीस वर्षांचे माइल्स किओ त्यांच्यात होते. ऑगस्ट १८६० मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला आणि एड्रियाटिक समुद्रावरील आंकोना या बंदरात त्यांची नेमणूक झाली.

हे सैन्य अपुरे होते. प्रशिक्षण अर्धवट, शस्त्रे जुनी आणि भाषा निरनिराळ्या. सप्टेंबरमध्ये पिडमाँटचे सैन्य चालून आले. १८ सप्टेंबर रोजी कास्तेलफिदार्दो येथे पोपमहाशयांच्या फौजेचा मोठा पराभव झाला. आंकोनाला समुद्र व जमीन अशा दोन्ही बाजूंनी वेढा पडला. शहरातील शिबंदीने झुंज दिली, परंतु महिनाअखेरीस तिला शरण जावे लागले. किओ युद्धकैदी झाले आणि त्यांना जिनोआ येथे ठेवण्यात आले.

सुटका झाल्यावर ते रोमला गेले. हरलेल्या सैन्यातील या तरुण अधिकाऱ्याला पोपमहाशयांनी दोन सन्मान दिले. एक, पेत्राच्या आसनासाठी लढलेल्यांना दिले जाणारे पदक. आणि दुसरा, संत ग्रेगरी यांच्या नावाचा क्रूस. त्यानंतर सुमारे दीड वर्ष त्यांनी रोममध्ये संत पॅट्रिक यांच्या नावाच्या पथकात पहारा केला.

विजयासाठी दिलेली पदके जगात पुष्कळ आहेत. ही पदके मात्र पराभवानंतर, निष्ठेसाठी दिलेली होती. किओ यांनी ती आयुष्यभर जपली. अमेरिकेत काढलेल्या त्यांच्या छायाचित्रात लष्करी गणवेशावर ही दोन्ही चिन्हे दिसतात. पोपमहाशयांची ऐहिक सत्ता पुढे १८७० साली संपुष्टात आली आणि ख्रिस्तसभेचे खरे सामर्थ्य भूभागात नसते, हे पुढच्या काळाने दाखवून दिले. परंतु विशीतल्या त्या मुलांनी आपल्या परीने जे योग्य मानले, त्यासाठी प्राण पणाला लावले होते, हे विसरता येत नाही.

समुद्रापलीकडील हाक

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघाली होती. उत्तरेला अनुभवी अधिकाऱ्यांची निकड होती. न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मले होते, ते सरकारच्या वतीने युरोपच्या दौऱ्यावर गेले. पोपमहाशयांच्या सैन्यातील आयरिश अधिकाऱ्यांपर्यंत बोलावणे पोहोचले. रोममध्ये पहाऱ्याचे शांत जीवन कंठणाऱ्या किओ यांना ही संधी वाटली. आपले दोन सोबती, डॅनियल कायली आणि जोसेफ ओकीफ, यांच्यासह ते लिव्हरपूलहून जहाजात बसले आणि २ एप्रिल १८६२ रोजी न्यूयॉर्कला उतरले. आठवड्याभरातच त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला.

सुरुवातीला ते जनरल जेम्स शील्ड्स या आयरिश वंशाच्याच सेनानीच्या हाताखाली होते. जूनमध्ये व्हर्जिनियातील पोर्ट रिपब्लिक येथे त्यांनी अमेरिकेतील पहिल्या मोठ्या लढाईचा अनुभव घेतला. पुढे जनरल मॅक्लेलन यांच्या दिमतीला असताना सप्टेंबरमध्ये त्यांनी अँटिएटमची लढाई पाहिली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतका रक्तपात दुसऱ्या कोणत्याही लढाईत झाला नाही. मृत, जखमी व बेपत्ता मिळून आकडा वीस हजारांपलीकडे गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस किओ यांची नेमणूक घोडदळाचे सेनानी जनरल जॉन ब्युफर्ड यांच्याकडे झाली. ब्युफर्ड मितभाषी, शिस्तप्रिय आणि डोके थंड ठेवणारे होते. किओ यांना त्यांच्यात गुरू भेटला. १ जुलै १८६३ च्या सकाळी गेटिसबर्ग गावाच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर ब्युफर्ड यांच्या घोडदळाने घोड्यांवरून उतरून, संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या दक्षिणी पायदळाला काही तास रोखून धरले. मागून येणाऱ्या उत्तरेच्या पायदळाला त्यामुळे वेळ मिळाला आणि तीन दिवस चाललेल्या त्या महालढाईत मोक्याच्या जागा हातच्या गेल्या नाहीत. सेनानीचे हुकूम गोळीबारातून तुकड्यांपर्यंत नेणे हे किओ यांच्यासारख्या सहायकांचे काम होते. या कामगिरीबद्दल त्यांना शौर्यासाठी मेजरचा मानद हुद्दा देण्यात आला. त्या काळी अमेरिकी सैन्यात अधिकाऱ्यांच्या पराक्रमाचा गौरव करण्याची हीच रूढ पद्धत होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्युफर्ड विषमज्वराने वॉशिंग्टन येथे अंथरुणाला खिळले. मृत्युशय्येवर असताना त्यांच्या बढतीचा कागद आला. १६ डिसेंबर रोजी त्यांनी प्राण सोडला तेव्हा किओ त्यांच्याजवळ होते. रणांगणावर साथ देणारे अनेक असतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या किओ यांची निष्ठा आम्हांला त्यांच्या शौर्याइतकीच मोलाची वाटते.

पुढे जनरल स्टोनमन यांच्याबरोबर ते जॉर्जियात गेले. जुलै १८६४ मध्ये स्टोनमन यांनी मेकन शहराजवळील रेल्वेमार्ग तोडून अँडरसनव्हिल येथील भयाण छावणीत खितपत पडलेल्या उत्तरेच्या कैद्यांना सोडवण्याचा बेत केला. बेत फसला. माघारीच्या वाटेवर शत्रूने घेरल्यावर उरलेल्या तुकड्यांना निसटता यावे म्हणून स्टोनमन एका लहान दलासह मागे थांबले आणि पकडले गेले. किओ त्यांच्यासोबत होते. काही महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका झाली आणि युद्ध संपेपर्यंत ते पुन्हा लढत राहिले. १८६५ साली शांतता झाली, तेव्हा त्यांच्या नावापुढे लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा होता. परंतु रोमहून सोबत आलेले ओकीफ युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत झालेल्या जखमांनी गेले होते.

सरहद्दीवरील एकाकी वर्षे

युद्ध संपले की सैन्य आटोपते घेतले जाते. कालचे जनरल कॅप्टन होतात आणि कालचे कॅप्टन घरी जातात. किओ यांना सैनिकी जीवनाखेरीज दुसरे काही येत नव्हते. जुलै १८६६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या सातव्या घोडदळात त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि ‘आय’ कंपनी त्यांच्या ताब्यात आली. या पलटणीचे प्रत्यक्ष नेतृत्व जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर यांच्याकडे होते.

कॅन्ससच्या पश्चिम टोकाला फोर्ट वॉलेस नावाचे ठाणे होते. तेथे किओ यांची पहिली वर्षे गेली. दूरवर गवत, वारा आणि आकाश. घोडागाड्यांच्या मार्गाचे व प्रवाशांचे रक्षण हे काम. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात धूळ. टपाल येईल तेव्हा येईल. किओ उमदे, देखणे आणि मित्रांत रमणारे होते, परंतु या एकांताने त्यांना खिन्नतेचे झटके येत आणि अशा वेळी मद्याचे प्रमाण वाढे. त्यांना ओळखणाऱ्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही, म्हणून आम्हीही ती लपवत नाही. शूर माणसाच्या मनातही अंधार असू शकतो.

कंपनीत परदेशात जन्मलेले सैनिक पुष्कळ होते. आयरिश तर इतके, की संध्याकाळी छावणीत आयर्लंडची गाणी ऐकू येत. दुष्काळाने आणि गरिबीने घराबाहेर काढलेले हे तरुण. महिन्याला तेरा डॉलर पगार, दोन वेळचे जेवण आणि अंगावर कपडे एवढ्यासाठी भरती झालेले. या परक्या भूमीत कोणाविरुद्ध लढायचे आणि का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

नोव्हेंबर १८६८ मध्ये कस्टर यांनी वॉशिटा नदीकाठी झोपेत असलेल्या शायेन लोकांच्या वस्तीवर पहाटे हल्ला केला. शांततेची इच्छा बाळगणारा म्हणून ओळखला जाणारा त्यांचा प्रमुख ब्लॅक केटल आपल्या पत्नीसह मारला गेला. स्त्रिया व मुलेही मेली. किओ त्या वेळी दुसऱ्या कामगिरीवर होते, म्हणून या हल्ल्यात नव्हते. परंतु त्यांची पलटण तीच होती.

१८७१ नंतर काही काळ त्यांची कंपनी केंटकी राज्यात होती. पुढे ती उत्तरेला डकोटा प्रदेशात गेली आणि कॅनडाच्या सीमेची आखणी करणाऱ्या पथकाचे रक्षण करू लागली. १८७४ साली कस्टर ब्लॅक हिल्स या डोंगररांगांत मोठी मोहीम घेऊन शिरले, तेव्हा किओ त्यात नव्हते. ते दीर्घ रजेवर आयर्लंडला गेले होते. याच सुमारास त्यांनी किलकेनी परगण्यातील क्लिफडन ही वारशाने मिळालेली मालमत्ता आपली बहीण मार्गारेट हिच्या नावे करून दिली. मनात आणले असते तर त्या मालमत्तेवर ते मायदेशी स्वस्थ राहू शकले असते. त्यांनी ती बहिणीला दिली आणि स्वतः सरहद्दीवरील ठाण्याकडे परतले. ते पुन्हा आयर्लंडला गेले नाहीत.

कराराचा भंग

आता त्या युद्धाविषयी सांगणे प्राप्त आहे.

१८६८ साली फोर्ट लॅरमी येथे अमेरिकेच्या सरकारने लाकोटा व त्यांच्या मित्र जमातींशी करार केला. ब्लॅक हिल्ससह मोठा प्रदेश त्यांच्या अखंड उपयोगासाठी राखून ठेवण्याचे वचन त्यात होते. या करारासाठी ज्यांनी परिश्रम घेतले, त्यांत एक वयोवृद्ध येशूसंघीय धर्मगुरू होते. बेल्जियममध्ये जन्मलेले फादर पिएर-जाँ द स्मेत यांनी तीस वर्षे मैदानी जमातींमध्ये काढली होती. त्या वर्षी जून महिन्यात, पवित्र मरियेचे चित्र असलेला ध्वज सोबत घेऊन, ते सिटिंग बुल यांच्या तळावर शांततेचा निरोप घेऊन गेले. त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. सिटिंग बुल यांनी स्वतः सही केली नाही, पण आपले प्रतिनिधी पाठवले.

फादर द स्मेत १८७३ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी कस्टर यांच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची वार्ता जगजाहीर केली आणि खाणवाल्यांचे लोंढे करार तुडवीत आत घुसले. सरकारने आधी त्यांना अडवल्यासारखे केले, मग जमीन विकत मागितली. लाकोटांनी पवित्र मानलेली भूमी विकण्यास नकार दिला. तेव्हा फर्मान निघाले, की ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सर्वांनी नेमून दिलेल्या जागी हजर व्हावे, अन्यथा त्यांना शत्रू समजले जाईल. ऐन हिवाळ्यात, बर्फातून, बायकामुलांसह इतक्या थोड्या दिवसांत येणे अनेकांना शक्यच नव्हते. ही सबब पुढे करून सैन्य धाडण्यात आले.

आयर्लंडच्या ज्या मुलांच्या पूर्वजांची जमीन हिरावली गेली होती, तीच मुले आता दुसऱ्यांची जमीन हिरावणाऱ्या सैन्यात चालत होती. त्यांपैकी बहुतेकांच्या हे ध्यानातही आले नसावे. अन्याय सोसलेला माणूस अन्याय करणार नाही, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. यावर आपण सर्वांनीच विचार करावा असे आम्हांला वाटते.

२५ जून १८७६

१७ मे १८७६ रोजी सातवे घोडदळ फोर्ट अब्राहम लिंकन येथून निघाले. २५ जून रोजी, रविवारी, लिटल बिगहॉर्न नदीच्या खोऱ्यात लाकोटा व शायेन लोकांची मोठी वस्ती दिसली. ती किती मोठी आहे याचा अंदाज न घेता कस्टर यांनी पलटणीचे तुकडे केले. मेजर रीनो यांना तीन कंपन्या, कॅप्टन बेंटीन यांना तीन, सामानसुमानाच्या रक्षणाला एक आणि स्वतःसोबत पाच. किओ या पाच कंपन्यांत होते आणि पलटणीतील ज्येष्ठ कॅप्टनांपैकी एक असल्याने, अभ्यासकांच्या मते, त्यांपैकी तीन कंपन्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती.

रीनो यांचा हल्ला परतवला गेला. त्यानंतर वस्तीतील योद्धे मोठ्या संख्येने टेकड्यांकडे वळले. आपली बायकामुले वाचवण्यासाठी ते लढत होते. किओ यांच्या तुकड्या पूर्वेकडील उतारावर होत्या. चोहोंकडून दबाव वाढला, रांगा तुटल्या आणि थोड्याच वेळात सारे संपले. पाचही कंपन्यांतील सुमारे २१० जणांपैकी एकही वाचला नाही. किओ यांचा डावा गुडघा गोळीने फुटला होता आणि त्यांच्या घोड्याच्या अंगावरील जखम त्या गोळीच्या वाटेशी जुळत होती. म्हणजे घोडा व स्वार बहुधा एकाच वेळी कोसळले असावेत. त्यांच्या भोवती त्यांचे सार्जंट आणि सैनिक पडले होते. शेवटच्या क्षणी सैनिक कोणाभोवती गोळा होतात, यावरून तो अधिकारी त्यांना कसा वाटत होता हे कळते.

गळ्यातील पवित्र पदकामुळे योद्ध्यांनी त्यांच्या देहाला हात लावला नाही, असे अनेकांनी लिहिले आहे. त्या पदकात काही पवित्र सामर्थ्य आहे असे त्यांना जाणवले असावे, हा तर्क आहे. तो सिद्ध करता येत नाही. परंतु फादर द स्मेत यांच्यासारख्यांचा सहवास लाभलेल्या त्या लोकांना क्रूस आणि पदक ही चिन्हे अनोळखी नव्हती, एवढे निश्चित.

काही मैलांवर रीनो व बेंटीन यांच्या उरलेल्या कंपन्या एका टेकडीवर वेढल्या गेल्या होत्या. उन्हाने होरपळणाऱ्या जखमींसाठी काही सैनिक गोळीबारातून खाली नदीवर गेले आणि पाणी घेऊन आले. त्या दोन दिवसांच्या लढाईसाठी २४ जणांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, त्यांतील बरीच या पाण्यासाठी. त्यांत आयर्लंडमध्ये जन्मलेले थॉमस कॅलनही होते. तहानलेल्याला पाणी दिल्याबद्दल मिळालेले पदक शुभवर्तमान वाचणाऱ्याला सहज समजते. याच पलटणीने २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे लाकोटा स्त्री-पुरुष व मुलांची कत्तल केली आणि त्यासाठीही सुमारे २० पदके वाटण्यात आली. ती परत घ्यावीत अशी मागणी लाकोटा वंशज वर्षानुवर्षे करीत आले आहेत. पदक धातूचेच असते. ते कशासाठी मिळाले यावर त्याचे वजन ठरते.

मागे राहिलेल्या खुणा

रणभूमीवर सापडलेल्या जिवंत जनावरांत किओ यांचा ‘कोमांची’ नावाचा घोडा होता. अनेक जखमा झालेल्या त्या मुक्या प्राण्याची सैनिकांनी मायेने शुश्रूषा केली. १८७८ साली पलटणीचे प्रमुख कर्नल सॅम्युएल स्टर्जिस यांनी हुकूम काढला, की यापुढे या घोड्यावर कोणीही स्वार होऊ नये. कर्नलसाहेबांचा स्वतःचा तरुण मुलगा त्याच लढाईत गेला होता. कोमांची १८९१ पर्यंत जगला आणि त्याचा देह कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन करण्यात आला.

सप्टेंबर १८७६ मध्ये स्लिम ब्यूट्स येथील चकमकीनंतर लाकोटांच्या वस्तीत किओ यांच्या कंपनीचा ध्वज आणि त्यांचे नाव लिहिलेले हातमोजे सापडले. मोंटानातील एका लष्करी ठाण्याला फोर्ट किओ असे नाव देण्यात आले. पुढे तेथे पशुपालनाचे संशोधन केंद्र झाले. २६ ऑक्टोबर १८७७ रोजी किओ यांचे अवशेष न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न या गावी, त्यांच्यावर घरच्यासारखी माया करणाऱ्या मार्टिन कुटुंबाच्या दफनभूमीत, लष्करी इतमामाने पुरण्यात आले. आपण पडलो तर ऑबर्नला न्यावे, अशी त्यांची इच्छा होती.

ब्लॅक हिल्स मात्र १८७७ च्या कायद्याने लाकोटांकडून काढून घेण्यात आल्या. शंभराहून अधिक वर्षांनी, १९८० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की ती भूमी योग्य मोबदला न देता घेतली गेली होती, आणि दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. लाकोटांनी ती स्वीकारली नाही. त्यांना पैसा नको होता, डोंगर हवे होते.

नदीच्या त्या तीरावर

या कथेत आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केल्यावाचून आम्हांला लेखणी खाली ठेवता येत नाही. २५ जून १८७६ रोजी नदीपलीकडच्या वस्तीत बारा वर्षांचा एक लाकोटा मुलगा होता. त्या मुलाने त्या दिवशी धूळ, धूर आणि मृत्यू पाहिला. पुढे वुंडेड नी येथील कत्तलीच्या खुणाही त्याने डोळ्यांनी पाहिल्या. त्याचे नाव ब्लॅक एल्क. ६ डिसेंबर १९०४ रोजी, संत निकोलस यांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी पाइन रिज येथे स्नानसंस्कार घेतला आणि निकोलस हे नाव धारण केले. पुढची अनेक वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून गावोगाव फिरले. शेकडो लोकांना त्यांनी प्रभू येशूची ओळख करून दिली, आणि आपल्या पूर्वजांच्या प्रार्थनेचा वारसाही त्यांनी तुच्छ लेखला नाही. १९५० साली ते निवर्तले. २०१७ साली रॅपिड सिटी धर्मप्रांताने त्यांना संतपद मिळावे यासाठी प्रक्रिया सुरू केली.

एकाच दिवशी, एकाच नदीच्या दोन तीरांवर, एक जण गळ्यात देवाच्या कोकराचे पदक घालून पडला आणि दुसरा त्याच कोकराचा साक्षीदार होण्यासाठी वाचला. त्या दिवशी ते एकमेकांचे शत्रू होते. ज्यांनी कोणाची भूमी घेतली आणि ज्यांची भूमी गेली, त्यांना एकाच वेदीपाशी उभे राहण्यासाठी किती मोठा प्रवास करावा लागतो, हे या दोन जीवनांतून दिसते. हा प्रवास अजून पूर्ण झालेला नाही.

माइल्स किओ निष्ठावान होते, धाडसी होते, बहिणीवर माया करणारे होते आणि आपल्या सैनिकांमध्ये उभे राहून मरण पत्करणारे होते. हे सारे गुण त्यांनी अखेरीस एका अन्यायी मोहिमेत खर्ची घातले. हुकूम पाळणाऱ्या माणसाला हुकूम कोण देतो आणि कशासाठी देतो, हा प्रश्न आपल्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहतो. कार्यालयात, गावकीत, कधी घरातही. त्या वेळी नुसते धैर्य पुरत नाही, विवेकही जागा असावा लागतो. किओ यांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो, त्या उतारावर पडलेल्या सर्वांना देवो, आणि ज्यांची भूमी गेली त्यांना न्याय मिळो, एवढीच प्रार्थना करून आम्ही ही कथा संपवतो.